आधी पन्हळ, मग पडदा : नॉरफोकमधल्या एका मध्ययुगीन चर्चचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे चर्च इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही बारकावे बदलले आहेत. या एका परगण्यात ६५०हून अधिक मध्ययुगीन चर्च उभी आहेत. त्यामुळे गारगोटीच्या भिंती, चौकोनी मनोरा, भोवती गव्हाची शेतं एवढ्या खुणांवरून ते कुणाला सापडायचं नाही.

नॉरफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड जवळपास मिळत नाही. शेतात नांगराला लागणारी गारगोटी मात्र हवी तेवढी. तिचे गोटे चुन्यात बसवत तीन फूट जाडीच्या भिंती उचलायच्या, आणि कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, कमानी यांच्यापुरता चुनखडीचा घडीव दगड जलमार्गाने लांबून आणायचा, ही इथली रीत. या चर्चचा वेदीकडचा पूर्व भाग, म्हणजे चान्सेल, चौदाव्या शतकातला. भाविकांचं लांब दालन, म्हणजे नेव्ह, पंधराव्या शतकात लोकरीच्या पैशातून वाढवलेलं. खिडक्या उंच, सरळ उभ्या दांड्यांच्या. दारातून आत शिरलं की समोर बाप्तिस्म्याचं अष्टकोनी दगडी कुंड.

बसायला बाक आहेत, पण ते सगळे एका काळातले नाहीत. मध्ययुगात बरीच शतकं नेव्हमध्ये लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत. बाकांची चाल पंधराव्या शतकात रुळली. त्या काळातले तीनच बाक इथे उरलेत, ओकच्या लाकडाचे, टोकांवर पानाफुलांचे कोरीव तुरे असलेले. बाकीचे एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात आले. ते पिचपाइनच्या लाकडाचे, वार्निश मारलेले आणि जमिनीपासून वीतभर उचललेल्या फळ्यांच्या ओट्यांवर बसवलेले. या ओट्यांचा विषय पुढे येईल.

आणि नेव्ह व चान्सेल यांच्या मधोमध रूड स्क्रीन, या प्रकरणाचं मूळ. ओकचा कोरीव पडदा. वरच्या भागात जाळीदार नक्षी, कमरेखालच्या भागात बंद फळ्या, आणि त्या फळ्यांवर रंगवलेले प्रेषित: हातात किल्ल्या असलेला पेत्र, तिरक्या क्रुसाचा अंद्रिया, हातात सुरी धरलेला बर्थलमय. खडूची पूड आणि सरस यांचा अस्तरथर, त्यावर तेलरंग, प्रभावळींना सोन्याचा वर्ख. असे पडदे गावकऱ्यांनी मृत्युपत्रांत ठेवलेल्या पैशातून उभे राहत. पडद्याच्या वर एक माळा आणि त्यावर रूड, म्हणजे वधस्तंभावरचा ख्रिस्त, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत मूर्ती गेल्या, आणि १५६१ साली पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत माळे उतरवण्याचा, पण पडदा राहू देण्याचा हुकूम निघाला. इथेही तसंच झालं. माळ्यावर जाणारा दगडी जिना भिंतीत अजून आहे, वर जाऊन तो हवेत संपतो. प्रेषितांचे चेहरे कुणीतरी टोकदार वस्तूने खरवडले आहेत, पण कपड्यांचे लाल-हिरवे रंग आणि सोनं शाबूत.

आता हे सांभाळायचं कुणी? मराठी वाचकाला वाटेल सरकारने, नाहीतर निदान चर्च ऑफ इंग्लंडच्या मध्यवर्ती कार्यालयाने. फ्रान्समध्ये १९०५च्या कायद्यानंतर जुनी पॅरिश चर्च, म्हणजे गावोगावची स्थानिक चर्च, गावच्या नगरपालिकेच्या मालकीची झाली. इंग्लंडमध्ये तसं नाही. देशातल्या पहिल्या श्रेणीच्या वारसा इमारतींपैकी जवळजवळ निम्मी पॅरिश चर्च आहेत आणि त्यांच्या डागडुजीचा खर्च त्या त्या गावच्या पॅरिश मंडळाने जमवायचा असतो. मध्ययुगापासूनची वाटणी अशी, की नेव्ह गावकऱ्यांनी राखायचा आणि चान्सेल रेक्टरने, म्हणजे तिथल्या धर्मगुरूने; त्याची जमीन पुढे ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे हा भारही गेला. तिची शेपटी अजून वळवळते. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका शेतजमिनीच्या मालकांनीच चान्सेलच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा, असा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००३ साली दिला. आपल्या या गावात असा कुणी बांधील मालक नव्हता. होतं ते पॅरिश मंडळ, बहुतेक सदस्य साठीपुढचे, दोन चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारे गावकरी, आणि आसपासच्या बऱ्याच गावांचा भार वाहणारे एकच व्हिकर, म्हणजे धर्मगुरू. रविवारच्या प्रार्थनेला मोजकी माणसं. नाताळला मात्र चर्च भरतं.

अडचण

सुरुवात झाडूने झाली. सफाईला येणाऱ्या बाईंना पडद्याच्या पायथ्याशी केरात लाल-सोनेरी कण दिसू लागले. त्यांनी ते एका पाकिटात जमवून वॉर्डनना दिले. ही त्यांनी केलेली मोठीच गोष्ट, कारण पुढे हाच पुरावा ठरला.

मंडळाची पहिली प्रतिक्रिया सरळ होती: रंग निघतोय, तर रंगाची दुरुस्ती करणारा माणूस बोलवा. त्याच बैठकीत दोन मागण्या आणखी पुढे आल्या. थंडी असह्य होते, नवी हीटिंग बसवा. आणि चर्चमध्ये शौचालय नाही, चहा करायला जागा नाही, त्यामुळे गावाला तिथे दुसरं काही करता येत नाही. मागचे बाक काढून जागा मोकळी करा. तिन्ही गोष्टींचे तीन वेगळे अर्ज करायचं ठरलं. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हाच, आणि तो तेव्हा कुणाला निर्णय वाटलाही नाही. पडदा, बाक आणि हीटिंग या तीन वस्तू आहेत असं धरून चालण्यात आलं.

चित्रसंवर्धक बाई आल्या, त्यांनी भिंगातून फळ्या पाहिल्या आणि काम घ्यायला नकार दिला. म्हणजे आत्ताच घ्यायला. सुटलेला रंग परत चिकटवता येतो, पण लाकूड हलत राहिलं तर तो परत सुटणार. ओकची फळी हवेतल्या दमटपणाबरोबर आडवी फुगते आणि आकसते. खडू-सरसाचं अस्तर तेवढं ताणलं जात नाही. मग थराचे छोटे तंबू उभे राहतात आणि एक दिवस गळतात. पाचशे वर्षं टिकलेला रंग आत्ताच का सुटतोय, एवढंच त्यांनी विचारलं.

उत्तर तीन ठिकाणी होतं, आणि एकही पडद्यावर नव्हतं.

पहिलं, शेगड्या. जुना तेलावर चालणारा बॉयलर बंद पडल्यावर मंडळाने गॅस सिलिंडरच्या फिरत्या शेगड्या घेतल्या होत्या. त्यांना धुराडं नसतं. प्रोपेन जळला की एका किलो गॅसमागे सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. म्हणजे तासाभराची ऊब आणि त्याबरोबर बादलीत मोजावं असं पाणी. लोक घरी गेले की हवा गार होते आणि ती वाफ थंड भिंतींवर, खिडक्यांवर, फळ्यांवर उतरते. वर एक शेगडी वाद्यवृंदाला ऊब हवी म्हणून पडद्याच्या अगदी जवळ लावली जायची. फळी रविवारी सकाळी भाजायची आणि रात्री भिजायची.

दुसरं, सिमेंट. १९६०च्या दशकात कधीतरी भिंतींच्या आतल्या बाजूला कमरेएवढा जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा गिलावा केला होता, आणि बाहेर दर्जाही, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटीही, सिमेंटने भरल्या होत्या. ओल दिसू नये म्हणून. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट तिला आत कोंडतं. मग ती सिमेंटच्या वरच्या कडेतून बाहेर पडते, किंवा भिंतीत रुतलेल्या लाकडात शिरते. पडद्याची दोन्ही टोकं भिंतीत रुतलेली होती. (आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांच्या दगडावर भक्तिभावाने चढवलेला ऑइलपेंट आणि सिमेंटचे गुळगुळीत कट्टे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही हकिकत नवी नाही.)

तिसरं, पन्हळ. उत्तरेकडच्या पन्हळीत जॅकडॉ पक्ष्यांच्या घरट्यांच्या काड्या अडकल्या होत्या आणि पावसाचं पाणी खालच्या नळीऐवजी भिंतीवरून उतरत होतं, नेमकं पडद्याच्या उत्तर टोकाशी. भर म्हणजे शतकानुशतकं दफनं होत गेल्याने आवाराची जमीन चढत जाऊन बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा वर गेली होती. भिंतीचा पायथा कायम ओल्या मातीत.

पन्हळीची गोष्ट कुणाला माहीत नव्हती असंही नाही. इंग्लंडमध्ये १९५५च्या कायद्याने सुरू झालेल्या रीतीनुसार दर पाच वर्षांनी प्रत्येक चर्चची वास्तुविशारदाकडून तपासणी होते. मागच्या दोन्ही अहवालांत पन्हळ होती. पण ती लांबलचक यादीतली एक ओळ होती, दाराच्या बिजागरीच्या वर आणि सूचनाफलकाच्या खाली.

समोर आलेले पर्याय

मध्ययुगीन चर्चमध्ये खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. इथे ती महापालिकेकडून येत नाही. चर्च ऑफ इंग्लंडला नेहमीच्या वारसा-परवान्यातून सूट आहे, आणि त्याऐवजी धर्मप्रांताचा चॅन्सेलर, म्हणजे न्यायाधीश, फॅकल्टी नावाचा परवाना देतो. त्याआधी धर्मप्रांताची सल्लागार समिती मत देते, वारसा संस्थांना विचारलं जातं, दारावर २८ दिवस नोटीस लागते. निवाड्याची चौकट डर्बीशरमधल्या डफिल्डच्या चर्चच्या खटल्यात २०१२ साली आखली गेली: बदलाने इमारतीच्या महत्त्वाला इजा होते का, किती गंभीर, बदलाचं समर्थन किती भक्कम, आणि लोकांना होणारा फायदा त्या इजेपेक्षा जड आहे का.

सल्लागार समितीने तिन्ही अर्ज एकत्र करायला लावले. त्यानंतर टेबलावर आलेले पर्याय असे.

सगळे बाक आणि ओटे काढायचे, दगडी फरशी घालायची, तिच्याखाली हीटिंग. मंडळातल्या तरुण सदस्यांना हेच हवं होतं. पण त्यासाठी जमीन खोदावी लागते आणि नेव्हच्या जमिनीत थडगी असतात. शिवाय ओलसर जमिनीवर वाफ न सोडणारी पक्की फरशी टाकली की खालची ओल भिंतींकडे वळते. आणि आठवड्यातून एक-दोन तास वापरायच्या जागेला संथपणे तापणारी जमीन हे गणितच जुळत नाही.

गरम हवेचे मोठे झोत. पटकन ऊब, कमी खर्च. चित्रसंवर्धकांनी एका वाक्यात विरोध केला: हा पडद्यासाठी शेगडीचाच मोठा भाऊ.

पडदा उचलून संग्रहालयात. हे सुचवणारे एक सद्गृहस्थ गावाबाहेरचे होते. गावात त्यावर चर्चाही झाली नाही.

चौथा पर्याय सगळ्यात मोहक होता आणि म्हणून सगळ्यात धोक्याचा. चान्सेल लहान आहे. पडद्याच्या मागे काच बसवून चान्सेल बंद करा आणि हिवाळ्यातली प्रार्थना तिथे घ्या. थोडी जागा, थोडं इंधन. व्हिकर अनुकूल होते, खर्च आवाक्यात होता, काच पुढे काढताही आली असती. बैठक जवळजवळ होकारावर आली होती. तेव्हा संवर्धकांनी कागदावर फळीचा उभा छेद काढून दाखवला: एका अंगाला उबदार कोरडी हवा, दुसऱ्या अंगाला थंड दमट. एकाच फळीच्या दोन बाजू दोन ऋतूंत. फळी वाकणारच. ज्याला वाचवायचं त्यालाच दोन हवामानांमधली भिंत बनवणं, असा त्याचा अर्थ होता. पर्याय तिथेच मागे पडला.

पाचवा पर्याय कुणालाच आवडला नाही. शेगड्या आजच बंद करायच्या, पन्हळ आणि निचरा दुरुस्त करायचा, सिमेंट काढायचं, आणि मग चारही ऋतूंत दमटपणाच्या नोंदी ठेवून बाकीचं ठरवायचं. म्हणजे एक अख्खा हिवाळा थंडीत. एका वॉर्डननी विचारलं, "पडदा वाचेल, पण तोवर आमची माणसं टिकतील का?" प्रश्न चुकीचा नव्हता.

काय केलं

पाचवा पर्याय निवडला गेला, थोडी मुरड घालून. हिवाळ्यातल्या प्रार्थना गावच्या हॉलमध्ये हलवल्या. शेगड्या गेल्या.

पन्हळ साफ झाली, फुटलेली खालची नळी बदलली. भिंतीला लागून माती उतरवून उथळ खडीचा चर केला. खणताना पुरातत्त्वज्ञ उभे होते, कारण वीत-दीड वीत खालीच हाडं लागतात. लागलीही, ती आवारातच पुन्हा पुरली.

सिमेंट काढणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. ते यंत्राने नाही, छिन्नीने, हाताहाताने. खाली जुना गिलावा शिल्लक नव्हता, तो साठच्या दशकातच गेला होता. पण उत्तर भिंतीवर सिमेंटच्या वरच्या कडेला चुन्याच्या थराखाली गेरूच्या लाल रेघा दिसल्या. दगडी चिऱ्यांचा आभास देणारी जोडरेघ, मध्ययुगीन चर्चमधली नेहमीची सजावट. सिमेंट त्या थरावर चढलेलं होतं; ओढलं असतं तर रेघा बरोबर आल्या असत्या. वास्तुविशारदाने त्या ठिकाणी हातभर पट्टी सिमेंटचीच राहू दिली. नकाशावर सरळ रेघ मारून "सगळं सिमेंट काढा" असं लिहिलं होतं. कामावर ती रेघ वाकली. मला हा निर्णय सगळ्यात शहाणा वाटतो, कारण तो प्रत्यक्ष भिंतीपाशी उभं राहून घेतलेला होता. बाकी भिंतीला चुन्याचा गिलावा झाला, बाहेरच्या दर्जा चुन्याने भरल्या.

बाकांवरून मात्र वाद पेटला. एकोणिसाव्या शतकातल्या वास्तूंची बाजू मांडणाऱ्या एका संस्थेने हरकत घेतली: पिचपाइनचे बाक साधे असले तरी जीर्णोद्धाराचा तो एकसंध नमुना आहे. गावात अनेकांना हे हास्यास्पद वाटलं. "मध्ययुगीन चर्चमध्ये व्हिक्टोरियन फळ्यांचं काय कौतुक?" पण चर्च एका तारखेला थांबलेलं नसतं. धर्मसुधारणेत गेलेला माळा, एकोणिसाव्या शतकातले बाक, साठच्या दशकातलं सिमेंट, सगळेच या इमारतीच्या इतिहासातले. त्यातलं काय ठेवायचं हे वयावरून नाही, इजा आणि उपयोग पाहून ठरवायचं. ओटे उचलून पाहिले तेव्हा प्रश्न अर्धा सुटला. पश्चिमेकडच्या ओट्यांखालच्या तुळया सडल्या होत्या, पुढच्या धड होत्या. सडलेल्या ओट्यांवरचे मागचे बाक काढायला परवानगी मिळाली, पुढचे राहिले. मध्ययुगीन तीन बाक आपल्या जागी. ओट्यांखाली पॅमेंट निघाले, म्हणजे या भागातल्या भाजक्या मातीच्या चौकोनी लाद्या. त्या चुन्यात परत बसवल्या. त्यांतून ओल वर येऊन उडून जाऊ शकते.

शौचालय मनोऱ्याच्या तळमजल्यात गेलं. गटाराची लाइन गावात नाही आणि आवारात खोल खणता येत नाही, म्हणून ट्रेंच आर्च ही पद्धत घेतली: उथळ, वरून झाकलेला चर, ज्यात मैला मातीतले गांडूळ आणि जिवाणू मुरवतात. वापर कमी आणि अधूनमधून असेल तर ही पद्धत चालते. चर्चला ते लागू होतंच.

हीटिंग सगळ्यात शेवटी. वर्षभराच्या नोंदी हातात आल्यावर हवा तापवायचा विचारच सोडला आणि माणूस तापवायचा ठरवला. पुढच्या बाकांच्या आसनांखाली कमी शक्तीचे विजेचे हीटर आणि गरम होणाऱ्या गाद्या. पडद्याजवळच्या दोन रांगांना हीटर नाहीत.

निष्पत्ती

भिंती वाळायला वेळ घेतात. महिन्याला साधारण इंचभर हा जुना ठोकताळा, आणि तीन फुटी भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी दीड वर्ष. इथे त्याहून जास्त लागलं. दुसऱ्या हिवाळ्यात पडद्याजवळचे चढउतार स्पष्टपणे कमी झाले, तेव्हा चित्रसंवर्धकांनी काम घेतलं. स्टर्जन माशाच्या सरसाने सुटलेले थर बसवले. नवा रंग कुठेही भरला नाही, खरवडलेले चेहरे तसेच ठेवले. केरात आता कण येत नाहीत.

माणसांच्या बाजूने हिशेब इतका स्वच्छ नाही. हॉलमध्ये गेलेल्यांपैकी काही परत आलेच नाहीत. हॉल उबदार आहे आणि तिथे पार्किंग आहे. गाद्यांची ऊब कमरेपर्यंत येते, पाय आणि हात गारच राहतात, अशी तक्रार कायम आहे. दुसरीकडे, मागच्या मोकळ्या जागेत महिन्यातून एकदा सूप आणि ब्रेडचं जेवण होतं, आणि त्याला प्रार्थनेपेक्षा जास्त लोक येतात. शाळेची मुलं येतात. शौचालय नसतं तर यातलं काहीच झालं नसतं, हे वॉर्डन आवर्जून सांगतात. त्यांचं बरोबर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पाच वर्षांच्या अहवालात कामं निकडीनुसार लावण्याची पद्धत असतेच. पण निकड ठरते दिसणाऱ्या नुकसानावरून. पन्हळीशेजारी "हिच्या बरोबर मागे रूड स्क्रीनचं टोक आहे" एवढं लिहिलं असतं, तर ती ओळ यादीत हरवली नसती. बाहेर काय गळतंय आणि आत नेमकं काय आहे, हे एकाच नकाशावर काढायला अर्धा दिवस लागतो.

नोंदींची यंत्रं फार उशिरा लागली. शेगड्या चालू असतानाच्या काळाचे आकडे नाहीत. त्यामुळे त्यांचा वाटा किती आणि भिंतीचा किती, हे कधीच वेगळं करता येणार नाही.

हरकत घेणाऱ्या संस्थेला अर्जाआधी बोलावलं असतं आणि तिच्या प्रतिनिधीसमोर ओटे उचलले असते, तर वादात गेलेले महिने वाचले असते. सडलेली तुळई पाहून कुणी पत्र लिहीत बसत नाही.

काचेचा पर्याय मात्र मरायला नको होता इतका घाईने. पडद्याला लावून नाही, पण पश्चिमेच्या टोकाला, मनोऱ्याच्या कमानीत काच घालून लहान उबदार खोली करता आली असती. पडद्यापासून ती जागा सगळ्यात लांब. तेव्हा तिथे शौचालय ठरलेलं होतं, म्हणून कुणी विचार केला नाही. आता चर्च ऑफ इंग्लंडने २०३०पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ठरवल्यामुळे हीटिंगचा विषय परत निघाला आहे, आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत उरलेल्या मोकळ्या जागेत लाकूड-काचेची खोली बांधण्याचा कच्चा आराखडा येणार आहे. पन्हळ साफ करणाऱ्या माणसाची मजुरी वर्षाच्या अंदाजपत्रकात आता पहिल्या ओळीत असते; शरद ऋतूत पानगळ संपल्यावर एकदा, आणि वसंतात जॅकडॉ घरटी बांधायला लागायच्या आत एकदा.